डेंग्यूच्या तपासणीला निघण्याआधी

आधी कॅलेंडर काढा. ताप कोणत्या तारखेला चढला, त्या तारखेला गोल करा. आधार कार्ड, जुनी चिठ्ठी तुम्ही घ्यालच. उपाशी राहायचं काही कारण नाही. आमच्याकडे अजूनही तापलेल्या माणसाला रिकाम्या पोटी एसटीत बसवतात. भाकर खाऊ घाला, पाणी पाजा आणि मग निघा.

तर तारीख. मागल्या भाद्रपदात वडिलांना तालुक्याला नेलं. लॅबवाल्यानं विचारलं, "ताप कधीपासून?" मी ठोकून दिलं, "झाले दोन-तीन रोज." त्यावर डेंग्यूची नुसती एनएस-१ तपासणी झाली. निगेटिव्ह. आम्ही निर्धास्त. रात्री आई चुलीपाशी बोलली, "पोयाना दिन बैल धुईसन उनात, तव्हयच आंग तपेल व्हतं त्यास्नं." म्हणजे पोळ्याला बैल धुऊन आले तेव्हापासूनच ताप, सातवा दिवस! एनएस-१ हे विषाणूचंच प्रथिन. ते साधारण पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडतं, पुढे विरळ होतं. विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती आयजीएम प्रतिपिंडं, त्यांची दुसरी तपासणी असते; ती पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात. सातव्या रोजी एकटी एनएस-१ करणं म्हणजे एसटी गेल्यावर फाट्यावर हात करणं. तारीख आठवतच नसेल तर तसं स्पष्ट सांगा, दोन्ही तपासण्यांचं विचारा. अंदाजे आकडा फेकू नका. मी फेकला होता.

सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. डेंग्यू आहे की नाही हे ती सांगत नाही, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के) सांगते. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली दिसल्या की लगेच पपईच्या पानांमागे धावू नका. आकडा फारच कमी आला तर रक्त काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की मशीन कमी मोजतं.

गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. कपाशी फवारून आल्यावर अंगदुखीला घेतात ती डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आता नको, रक्तस्रावाची भीती असते. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि हो, गोळ्यांच्या पाकिटावरही तापाची तारीख लिहा.

पुढचं थोडक्यात. सीबीसी पुन्हा करायला सांगतील, शक्यतो त्याच लॅबला. ताप उतरला म्हणून सुटलो समजू नका, खरा धोका तेव्हाच असतो: पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, यातलं काही दिसलं की थेट दवाखाना. रिपोर्टचा फोटो काढा. घरचे ड्रम रिकामे करून घासा.

तारीख लिहिली का? कागद नसेल तर हातावर.