गाजलेल्या जुन्या भाषणांवरून बोलायला कसं शिकायचं

आमच्या सोलापुरात १२ जानेवारी आला की चार हुतात्म्यांवर बोलायला कुणीतरी लागतंच, आणि एका वर्षी गल्लीतल्या मंडळानं मलाच उभं केलं. ज्वलंत, धगधगता असले शब्द कोंबून चार पानं लिहिली होती, तिसऱ्या मिनिटाला मागची पोरं उठून भज्याच्या गाड्याकडे. मग म्हटलं शिकूयाच की.

पहिलं म्हणजे भाषण एकच घ्या, दहा नकोत. मी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं घेतलं, संविधान सभेतलं. वाचायच्या आधी प्रसंग बघा: राज्यघटना तयार, दुसऱ्या दिवशी ती स्वीकारायची, सगळे कौतुकाच्या मूडमध्ये, आणि हा माणूस सांगतोय की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात समता पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता.

आता पेन्सिल घ्या आणि विशेषणं शोधा, फार सापडत नाहीत बघा. "येत्या काळात" असं गुळमुळीत नाही, सरळ तारीख. त्याच्या थोडं आधी भक्तीचा मुद्दा येतो, धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल पण राजकारणात तीच भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. शब्द तोच, जागा बदलली की अर्थ उलटा, मी तर हा भाग तीनदा वाचला.

मग पान झाकायचं आणि तोच मुद्दा आपल्या भाषेत, गच्चीवर उभं राहून, मोठ्यानं बोलायचा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, वाटू दे. जिथं दम लागतो तिथं वाक्य तोडायचं. फक्त कुणाच्या आवाजाची नक्कल नको, ती स्नेहसंमेलनात ठीक.

शेवटी कात्री. १८६३ ला अमेरिकेत गेटिसबर्गला राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या आधीचा वक्ता एव्हरेट दोन तास बोलला, लिंकन दोन-तीन मिनिटं, जेमतेम २७० शब्द, लोकांच्या लक्षात कोण राहिलं ते माहितीच आहे.

माझ्या चार पानांचं एक पान झालं. सुरुवातच अशी केली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१, येरवडा जेल, फाशी. त्यापुढं ज्वलंत लिहायला जागाच उरली नाही.