टाटामोबाइल पुन्हा उभी करताना: इंजिनाचा निर्णय शेवटी

जुनी पिकअप दारात येऊन उभी राहिली की बघायला येणारा जो तो बॉनेट उघडायला लावतो आणि विचारतो, "इंजिन कुठलं टाकणार?" मी म्हणतो, बॉनेट राहू दे बंद. आधी आरसी बुक वाचा, मग गाडीखाली झोपा, मग मागचं हौसिंग (मागच्या ॲक्सलमधली, चाकांना फिरवणारी डिफरन्शियलची पेटी) मोजा. इंजिन कुठलं घालायचं याचं निम्म्याहून जास्त उत्तर तिथेच मिळतं.

माझी गाडी टाटामोबाइल २०६. गगनबावड्याच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. टोमॅटो-मिरचीच्या रोपांचे ट्रे घेऊन करूळ घाटानं वैभववाडी-कणकवलीकडे उतरायचं आणि येताना वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या काजूची कलमं हौद्यात घालून घाट चढायचा, हे तिचं काम. वजन बेताचं, पण चढ लांब. पुढचं सगळं या कामाच्या हिशेबानं सांगतोय. तुम्ही विटा किंवा गुळाच्या ढेपा ओढत असाल तर तुमचं उत्तर वेगळं निघेल, पण तिथवर जायची वाट हीच.

टेल्कोनं (आजची टाटा मोटर्स) ही गाडी १९८८ साली काढली. तिच्याच पायावर पुढं १९९१ मध्ये सिएरा आली, मग इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो. याचा फायदा आजही होतो. पुढच्या सस्पेन्शनचे आणि स्टिअरिंगचे बरेच पार्ट सुमोचे चालतात, आणि सुमोचे पार्ट तालुक्याच्या दुकानात अजून मिळतात. फक्त दुकानात जाताना जुना पार्ट हातात घेऊन जा. मॉडेल बदलत गेलं तशी मापंही थोडी थोडी बदलली आहेत.

आता कागद. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं सांगितलं. म्हणून इंजिन बदलायचं मनात असेल तर पैसे मोजण्याआधी आरटीओत अर्ज करून लेखी उत्तर घ्या. त्याच कंपनीचं, त्याच क्षमतेचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवायचं काम त्यातल्या त्यात सरळ असतं. वेगळ्या क्षमतेचं इंजिन म्हणजे पासिंग आणि विमा दोन्हीकडे टांगती तलवार. अपघात झाला आणि आरसीवर एक इंजिन, गाडीत दुसरं असं निघालं, तर विमा कंपनीला हात वर करायला तेवढंच पुरतं.

ज्यांच्याकडे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, खासगी नोंदणीची जीप-पिकअप आहे त्यांच्यासाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. पण तिथे चासी, बॉडी, इंजिन मूळचंच लागतं. अशी गाडी नशिबानं मिळाली असेल तर दुसरं इंजिन घालायचा विचारही करू नका.

मग चासी. टोकदार हातोडी घ्या आणि गाडीखाली झोपून चासीचे दोन्ही गज (लांबीला जाणारे पोलादी तुळ्या) टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. शाबूत पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो आणि खपल्या तोंडावर पडतात, तेव्हा चष्मा घाला. मागच्या पाट्यांचे हँगर, केबिनच्या मागचा क्रॉस मेंबर आणि केबिन जिथे चासीवर बसते ती ठिकाणं, गंज आधी इथे धरतो. कोकणात राहिलेली गाडी असेल तर गजाच्या आतून बघा. आत मीठ-चिखल साचतो आणि बाहेरचा रंग मात्र छान दिसतो. कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा घाला. वरून पट्टी मारू नका. पट्टीखाली पाणी बसतं आणि दोन पावसाळ्यांत पट्टीसकट जागा जाते. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर आणि अल्टरनेटरचं कनेक्शन सोडवून ठेवा. चासी नंबर कोरलेला आहे तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका.

आता मागचं हौसिंग. इंजिनाच्या गप्पा मारणारे नेमकं हेच विसरतात.

डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा, गाडी न उघडता मोजता येतो. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला. मागचं एक चाक जमिनीवर राहू दे, दुसरं जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत जाणारा दांडा) खडूनं रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर वीस वेळा फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते दुसऱ्याला मोजायला सांगा. एक चाक स्थिर असल्यामुळे वीस फेऱ्या म्हणजे क्राउनच्या (हौसिंगमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दहा. शाफ्ट ४१ वेळा फिरला तर रेशो ४.१, जवळपास ४९ वेळा फिरला तर ४.८८ च्या आसपास. मग टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरी पुढं ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपनं मोजा.

हिशेब असा: इंजिनाचे मिनिटाचे फेरे गुणिले टायरचा घेर मीटरमध्ये गुणिले ६०, भागिले रेशो, भागिले १०००. हा वेग एकास एक गिअरमधला. पाच गिअरच्या अशा गिअरबॉक्समध्ये तो बहुधा चौथा असतो. घेर २.२ मीटर धरला तर ३००० फेऱ्यांना ४.१ च्या हौसिंगवर गाडी ताशी ९६-९७ किलोमीटर जाते. तेच ४.८८ वर ८१. कागदावर पंधरा किलोमीटरचा फरक, पण इंजिन निवडताना सगळी गोम इथेच आहे.

कारण या गाडीचं मूळचं ४८३ आणि बदली म्हणून डोळ्यांपुढे येणारं ४९७, टाटाच्या या दोन इंजिनांचे स्वभाव वेगळे. ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० धरून होतात १९४८ सीसी. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक १००, म्हणजे २९५६ सीसी. नंबर वाचता आला की भंगारवाल्याकडेही फसगत होत नाही. ४८३ हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं, हीटर प्लगवालं, जास्त फेऱ्यांवर पळणारं इंजिन. साधारण ६८ हॉर्सपॉवर देतं, पण ४५०० फेऱ्यांना. टाटाच्याच पुढच्या पिकअपमध्ये, २०७ डीआयमध्ये, आलेलं ४९७ हे डायरेक्ट इंजेक्शनचं. ताकद जवळपास तेवढीच, पण ती ३००० फेऱ्यांतच संपते. आणि खालच्या फेऱ्यांना ओढ मात्र बरीच जास्त.

आता हे हौसिंगच्या हिशेबाला जोडा. ४.८८ च्या हौसिंगवर ४८३ ताशी ८० ला ३००० फिरतं, म्हणजे अजून तिसरा हिस्सा हातात शिल्लक. त्याच हौसिंगवर ४९७ घातलं तर ताशी ८० ला ते आपल्या शेवटच्या टोकाला. हायवेवर दिवसभर इंजिन किंचाळत राहणार आणि "मोठं इंजिन घातलं तरी गाडी पळत नाही" म्हणून मालक मिस्त्रीला शिव्या देणार. दोष इंजिनाचाही नसतो आणि मिस्त्रीचाही. ४९७ घालायचं तर हौसिंगसुद्धा त्याच्या जोडीचं हवं. त्याशिवाय बेल हाऊसिंग, क्लच प्लेटचे दाते, शाफ्टची लांबी, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, मीटरची केबल हे सगळं आलंच. पुढं वजन वाढलं की टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनचे पीळ घेणारे गज) पुन्हा सेट करायला लागतात. एक गोष्ट तर हमखास राहून जाते: ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो आणि डिझेल इंजिनाला त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो जुन्या इंजिनाच्या अल्टरनेटरवर बसलेला असेल आणि नव्यावर नसेल, तर घाट उतरताना पेडल दगडासारखं लागेल.

सिएरा टर्बोचं ४८३ हा मधला रस्ता. इंटरकूलरसह ९० हॉर्सपॉवरपर्यंत जातं, आकार ओळखीचा. पण चांगल्या स्थितीतलं मिळणं अवघड, आणि टर्बोला तेल व थंडावा नीट न देणाऱ्याच्या हातात ते टिकत नाही. सफारीचं २.२ डायकोर काही जण सुचवतात. ते कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर डिझेल सोडणारं इंजिन आहे. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, वायरिंगचा अख्खा जुडगा सोबत येतो. करूळ घाटात रात्री बंद पडलं तर पाना-पक्कडीचं तिथे काम नाही. मालाच्या गाडीत ते मला पटत नाही.

मी माझ्या गाडीत मूळचंच ४८३ ठेवलं, पुरतं नवं करून. हलकं वजन, आरसी जशीच्या तशी, आणि हौसिंग त्याच्या जोडीचं. चढाला तिसऱ्यावर थोडं जास्त फिरवावं लागतं. रोपांना घाई नसते.

मूळ इंजिन करण्यालायक आहे का, हे उघडण्याआधी बरंचसं कळतं. इंजिन तापल्यावर तेल टाकायचं झाकण काढा. फुसफुस धूर दाबानं बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजून पास झाल्यात. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर बघा. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर नोझल किंवा हेड गॅस्केटकडे संशय. कॉम्प्रेशन मोजायला डिझेलचाच गेज मागा, पेट्रोलचा इतक्या दाबाला टिकत नाही. नुसता आकडा बघू नका; चार सिलिंडरमधला फरक बघा.

हेड उतरल्यावर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला न्या. तिथे बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग सगळं चार पावलांवर होतं. माझं ब्लॉक बघायला होतं ते पोरगं पंचविशीतलं असेल. त्यानं गेज लावायच्या आधी सिलिंडरच्या वरच्या काठापासून अंगठ्याचं नख खाली ओढलं, जिथे वरची रिंग थांबते तिथे नख अडकलं, आणि म्हणाला, "काका, नख अडकतंय. नुसत्या रिंगा टाकून भागत न्हाई, बोअर मारायलाच लागतंय." मग डायल गेज उतरवून वर, मध्ये, खाली, आणि आडवं-उभं असं प्रत्येक सिलिंडरचं माप पाटीवर लिहिलं. असं माप लिहून देणारा लेथवाला धरा. आणि पिस्टन आधी आणा, बोअर नंतर मारा; पिस्टन हातात असल्याशिवाय नेमका किती बोअर मारायचा ते ठरत नाही. हेडला प्रेशर टेस्ट करून घ्या. व्हॉल्व्हच्या मधल्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत.

४८३ ला टायमिंग बेल्ट आहे. जुना कितीही चांगला दिसला तरी तो, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी नवे घाला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि केलेलं सगळं काम एका क्षणात मातीत. डिझेल पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर लावून आणा. टाकी काढून आतून धुवा, रबरी पाइप सगळे बदला. थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. "गाडी थंड राहते" म्हणतात. डिझेल इंजिन योग्य तापमानाला आलंच नाही तर डिझेल नीट जळत नाही आणि बोअर लवकर झिजतो. नवा थर्मोस्टॅट घाला आणि रेडिएटर रॉडिंग करून (नळ्या सळईनं साफ करून) आणा.

सेकंडहँड इंजिन आणायचंच असेल, कुर्ल्याहून असो की आणखी कुठून, तर बिल, ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत आणि इंजिन नंबर जुळवल्याशिवाय टेम्पोत चढवू नका. घासलेला नंबर दिसला की तिथूनच परत फिरा.

ब्रेक, वायरिंग, पत्रेकाम यांवर थोडक्यात: ब्रेकचे पाइप आणि सिलिंडर नवेच घाला. वायरिंगला जोड देत बसण्यापेक्षा नवा संच आणि प्रत्येक लाइनला फ्यूज. पत्र्यावर लांबी (पुटी) कमीत कमी, पत्रा ठोकून जेवढा येईल तेवढा आणा. चासीला आतून मेणाचं अँटिरस्ट फवारा. जळकं ऑइल मारायचा सल्ला देतील, पण त्यानं बुश आणि रबर फुगून जातात.

इंजिन बसलं की पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी डिझेल बंद ठेवून सेल्फवर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. पहिले हजार किलोमीटर पूर्ण लोड नको, आणि एकाच वेगानं लांब पळवणंही नको; चढ-उतार मिळू देत, म्हणजे रिंगा बसतात. तासभर न्यूट्रलवर सुरू ठेवून रनिंग होत नाही, उलट बोअरला काच चढते, म्हणजे तो गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत. हजारला ऑइल आणि फिल्टर बदला. गॅस्केटच्या प्रकाराप्रमाणे हेडचे बोल्ट पुन्हा ओढायचे की नाही हे मिस्त्रीकडून आधीच कळून घ्या.

रंग शेवटी. आणि रंगवाल्याला चासी नंबरवर टेप लावायला सांगा. पासिंगला तिथे कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्यावा लागतो, आणि जाड रंगाखाली आकडे बुजले तर आरटीओच्या आवारात ब्लेड घेऊन खरवडत बसायची वेळ येते.