ऊन लागून गेल्यावरचे दिवस

ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की लश्कर भागातल्या आमच्या घरी दुपारी दारं-खिडक्या बंद. तरी मला एकदा ऊन लागलंच. मळमळ दोन दिवसांत थांबली, पण पुढे आठवडाभर सकाळी नऊच्या उन्हातही डोकं गरगरायचं. घरचे म्हणाले, भीती बसलीय. तसं नसतं. उन्हाने गळून गेलेलं शरीर साधारण आठवडाभर, कधी त्याहून जास्त, उकाड्याला हळवंच राहतं.

तेवढे दिवस व्यायाम नको, दुपारी बाहेर पडणं नको. गॅसपुढची कामं सकाळीच उरका. स्वयंपाकघरातला उकाडा कुणी मोजतच नाही. मग रोज थोडाथोडा वेळ वाढवत गेलं की एक-दोन आठवड्यांत सवय परत येते.

नुसतं पाणी ढोसू नका. १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ, घोट घोट. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. पारा चाळिशीपार गेला की पंख्याचा वारा नुसता भाजतो. आधी मानेवर, हातांवर ओला पंचा, मग पंखा.

रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी ऊन लवकर बाधतं. त्या स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर अंगावर गार पाणी ओतत १०८ला फोन. तोंडात मात्र पाणी घालायचं नाही.