उमेदवाराचं नाव शेवटी घ्या: श्रद्धावंतांच्या गटात निवडणुकीची चर्चा कशी चालवावी

एकत्र प्रार्थना करणारी माणसं निवडणूक जवळ आली की एकमेकांशी बोलेनाशी होतात. बहुतेक वेळा चूक सुरुवातीलाच झालेली असते: चर्चा उमेदवाराच्या नावापासून सुरू होते. नाव एकदा मनात बसलं की आपण त्याला शोभतील अशी मूल्यं शोधू लागतो.

अमेरिकेत हे आकड्यांत दिसलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचं विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण गाजत असताना, १९९८ साली, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेनं लोकप्रतिनिधीच्या चारित्र्याचा आग्रह धरणारा ठराव केला. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेताही सार्वजनिक काम सचोटीनं करू शकतो, असं २०११ मध्ये पीआरआरआय या जनमत पाहणी संस्थेच्या पाहणीत ३० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांनी (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट ख्रिश्चनांनी) म्हटलं होतं. २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, हेच प्रमाण ७२ टक्के झालं.

म्हणून आधी कागद. आठ-दहा जण, दीड तास. पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं आपली पाच मूल्यं लिहावीत आणि प्रत्येकापुढे ‘अट’ किंवा ‘पसंती’ असं नोंदवावं. अट म्हणजे जे नसेल तर मत द्यायचंच नाही. अटी दोनच ठेवा. पाचही अटी केल्या तर कुठलाच उमेदवार बसत नाही, मग माणूस गुपचूप एकेक अट सोडत जातो आणि कुठली सोडली हे स्वतःलाही सांगत नाही. शब्द तपासता येतील असे हवेत. ‘कुटुंबसंस्था जपणारा’ यावरून काहीच ठरत नाही; ‘अमुक विधेयकावर कोणत्या बाजूनं मत दिलं’ यावरून ठरतं. कागदावर तारीख घाला.

आता नावं घ्या. दावा मांडणाऱ्यानं सभागृहातलं मतदान, उमेदवाराची स्वतःची सही असलेला दस्तऐवज किंवा पूर्ण भाषण दाखवावं. कापलेली चित्रफीत चालणार नाही. दोष निघाला की लगेच विचारा: हेच विरोधी उमेदवारानं केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं?

सगळ्यात अवघड भाग निष्ठेचा. ‘तू गद्दारी केलीस’ हे वाक्य आलं की चर्चा चालवणाऱ्यानं थांबवून विचारावं, कोणाशी? श्रद्धेशी, पक्षाशी, त्या नेत्याशी की या गटाशी? या चार निष्ठा वेगळ्या आहेत आणि भांडणात त्यांची सरमिसळ होते. मग प्रत्येकानं एक वाक्य पूर्ण करावं: ‘माझ्या उमेदवारानं अमुक केलं तर मी त्याचा पाठिंबा काढून घेईन.’ ज्याला हे वाक्य पूर्ण करता येत नाही, त्याची निष्ठा मूल्यांवरून व्यक्तीवर सरकली आहे. त्याला हिणवू नका, वेळ द्या. हे स्वतःच्या लक्षात यायला दिवस लागतात.

‘दोघांत कमी वाईट’ हा युक्तिवाद येणारच, आणि तो पळपुटेपणा नाही. कॅथलिक परंपरेत यावर बारकाईनं विचार झाला आहे. २००४ मध्ये कार्डिनल रॅटझिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी अमेरिकी बिशपांना लिहिलेल्या टिपणात म्हटलं होतं की, उमेदवाराची गर्भपाताबाबतची भूमिका मान्य नसताना इतर कारणांसाठी मत देणं, तितकीच वजनदार कारणं असतील तर, ग्राह्य ठरू शकतं. घसरण पुढे होते: मत दिल्यावर माणूस त्या दोषाचंच समर्थन करू लागतो. त्यामुळे मत कोणाला द्यायचं ठरलं तरी त्याच्याबद्दलचे दोन आक्षेप त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.

धर्मगुरूंकडे सूत्रं देऊ नका. त्यांची मान हलली की बाकीचे गप्प होतात. प्रार्थनास्थळात बसणार असाल तर कायदा पाहा: अमेरिकेत करमुक्त धार्मिक संस्थांना उमेदवाराचा प्रचार करण्यास १९५४ पासून मनाई आहे, भारतात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्माच्या नावानं मत मागण्याला भ्रष्ट आचार ठरवतं.

शेवटी हात वर करून गटाचा कौल घेऊ नका. कागद ज्याचा त्याच्याकडे राहू द्या, आणि निकालानंतर सहा महिन्यांनी पुन्हा बसून मागची बाजू वाचा.