एसी थंड करत नाही? ‘गॅस संपला’वर विश्वास ठेवण्याआधी या चुका टाळा

एप्रिल लागला की मेकॅनिक येतो, इनडोरसमोर हात धरतो आणि पाच मिनिटांत सांगतो, “गॅस संपलाय, साहेब.” आमच्याकडे सलग दोन उन्हाळे हेच झालं आणि दोन्ही वेळा आम्ही मुकाट पैसे मोजले. तिसऱ्या वर्षी आलेल्या दुसऱ्या माणसाने तांब्याच्या नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले. दोन वर्षांचा गॅस कुठून उडून गेला ते तेव्हा कळलं.

एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो खर्च होत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता टॉप-अप करणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. आधी गळती बुजवायची, मग नळ्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढायची आणि त्यानंतर वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. कोणता गॅस, किती ग्रॅम, हे आउटडोरवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. मेकॅनिकसमोर ते वाचून दाखवा. आर-32 च्या मशीनमध्ये दुसरा गॅस भरू देऊ नका; आणि आर-32 थोडा ज्वलनशील आहे, त्यामुळे घरच्या घरी प्रयोग नकोतच.

पण गॅसपर्यंत जाण्याआधी फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आरपार दिसत नसेल तर निम्मं उत्तर मिळालं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याखाली धुवा, पूर्ण वाळवूनच परत बसवा. फिल्टरमागच्या कॉइलवर (गार होणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ दिसला तर “वा, थंड होतंय” असं समजू नका: हवा अडली आहे किंवा गॅस कमी आहे. कूलिंग बंद करा, नुसता पंखा चालू ठेवून बर्फ वितळू द्या. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलात तर नळीला भोक पडेल आणि गॅस खरंच संपेल.

रिमोटवर हिमकणाचं चिन्ह, म्हणजे कूल मोड आहे ना, तेही पाहा. पावसाळ्यात ड्राय मोडवर टाकलेला एसी कित्येक घरांत मार्चमध्येही तसाच असतो.

दुसरी सवय म्हणजे 16 अंशांची. 16 वर ठेवलं म्हणून साध्या एसीतून जास्त थंड हवा येत नाही. कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालतो. इन्व्हर्टर एसीही खोली 36 अंशांवर असताना 24 च्या सेटिंगला जवळपास पूर्ण जोरातच धावतो. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या एसींना 24 हे डिफॉल्ट तापमान सक्तीचं झालं, ते काही उगाच नाही.

आउटडोरकडे मात्र कुणी बघतच नाही. खोलीतली उष्णता तिथून बाहेर पडते. कबुतरांचं घरटं, अंगावर गुंडाळलेली हिरवी जाळी किंवा बंदिस्त डक्टमध्ये कोंबलेलं युनिट असेल, तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. एमसीबी बंद करून साध्या पाइपने हळू पाणी मारा. प्रेशरने मारलंत तर पत्र्याच्या पातळ पात्या दुमडतात. बाहेरचा पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर नुसता घूं करून गप्प बसतो? बहुधा कॅपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेला आहे किंवा व्होल्टेज पडलंय. कॅपॅसिटर स्वस्त असतो, पण वीज बंद केल्यावरही तो झटका देऊ शकतो. त्याला हात लावू नका.

विदर्भातल्या मंडळींना एक विनंती: एकाच खोलीत कूलर आणि एसी एकदम लावू नका. कूलर हवेत ओल सोडतो आणि एसीची बरीच ताकद ती ओल गाळण्यातच जाते.

हे सगळं करूनही शंका असेल, तर साधा थर्मामीटर घ्या. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग आत शिरणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर मशीन ठणठणीत आहे. तरीही खोली गार होत नाही? मग वर पाहा. शेवटच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकत असतो, त्यापुढे एक टनाचा एसी काय करणार! तिथे मेकॅनिकला बोलावण्यापेक्षा गच्चीवर पांढरा चुना मारणारा माणूस शोधा.