मराठी बोलता येतं, पण वाचताना अडखळायला होतं? नजर बसवण्याची रीत

घरात अस्खलित मराठी, शाळा मात्र इंग्रजी माध्यमाची. अशी कितीतरी माणसं मराठी मजकूर समोर आला की चार ओळींतच दमतात. माझ्या भाचीचं तसंच होतं. दिवाळी अंक हौसेने हातात घ्यायची, चित्रं बघायची आणि ठेवून द्यायची. आपलं मराठीच कच्चं, असं तिने मनाशी धरलं होतं. खरं तर तिच्या कानाला सगळी भाषा ठाऊक होती, फक्त डोळ्याला ती छापलेल्या रूपात ओळखीची नव्हती. म्हणून पहिलं काम एकच: कानाची आणि डोळ्याची गाठ घालून द्यायची.

वाचताना नजर ओळीवरून सरळ घरंगळत जात नाही. ती उड्या मारते आणि दर मुक्कामाला साधारण पाव सेकंद थांबते. फ्रान्समधले नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९च्या सुमारास हे लक्षात आलं. सरावलेल्या माणसाला एका थांब्यात अख्खा शब्द दिसतो. नवखा त्याच शब्दावर तीनदा थांबतो, मागे जातो आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतो. अर्थ निसटतो तो इथे.

पाठ असलेल्या मजकुरापासून सुरुवात करा. आरतीसंग्रह घ्या. शब्द तोंडात आधीच असतात, त्यामुळे डोळ्याला फक्त ते ओळखायचं काम उरतं. बोटाने ओळ धरून सावकाश म्हणा. गणपतीच्या आरतीत अनेकजण वर्षानुवर्षं ‘फळीवर वंदना’ म्हणतात. पुस्तकात ‘फणिवरबंधना’ छापलेलं असतं. अशी एक जागा सापडली की छापील शब्दाकडे बघायची गोडी लागते.

मग रोज १५ मिनिटं मोठ्याने वाचा. बालभारतीची तिसरी-चौथीची पुस्तकं यासाठी फार चांगली आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. लहान मुलांचं पुस्तक हातात धरायला संकोच वाटू देऊ नका. एकच पान सलग तीन दिवस वाचायचं. पहिल्या दिवशी अक्षरं लावण्यात वेळ जातो, दुसऱ्या दिवशी वाक्य हाती येतं, तिसऱ्या दिवशी आवाजात बोलल्यासारखे चढउतार यायला लागतात. ते आले की पान उलटा. रोज नवं पान घेण्याची घाई केली तर प्रत्येक पानावर पहिलाच दिवस उगवतो.

अडणाऱ्या जागा वेगळ्या काढा. बहुतेकांना देवनागरी हिंदीच्या तासाला भेटलेली असते, म्हणून अडखळणं ठरावीक ठिकाणीच होतं. ‘ज्ञान’ इथे ‘ग्यान’ नसतं, ‘द्न्यान’ असतं. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च दिसायला एक, उच्चाराला वेगळे; तिथे कानावर विश्वास ठेवा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. रफाराचं उलटं: ‘सूर्य’मध्ये तो य च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार मात्र य च्या आधी. सगळ्यात फसवी जोडी म्हणजे र्य आणि ऱ्य. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत एका खुणेने पाहुणा बदलतो! अशा जोड्या वहीत स्वतःच्या हाताने लिहा. हाताने गिरवलेलं रूप डोळा लवकर ओळखतो, हे मी भाचीसोबत पाहिलंय.

लांब शब्द मागून सोडवा. हिंदीत ‘घर में’ सुटं असतं, आपण ‘घरात’ जोडून लिहितो. त्यावर आणखी थर चढतात: ‘घरातल्यांसाठीसुद्धा’. पुढून वाचत गेलं की दम लागतो. शेवटचं ‘सुद्धा’ झाकायचं, मग ‘साठी’, की ‘घरातल्यां’ उरतं आणि आतून ‘घर’ निघतं. काही शब्द आत शिरताना रूप बदलतात, ‘मूल’चं ‘मुलां’ होतं, ‘घोडा’चं ‘घोड्या’ होतं. बोलताना हे आपण न चुकता करतो, त्यामुळे थोड्याच दिवसांत हे शब्द एका नजरेत उलगडतात.

महिना-दीड महिन्यात ओठ आपोआप मिटू लागतात. तेव्हाच मनात वाचायला लागा, त्याआधी जबरदस्तीने नको.

आता वाचनाची चाल बदलायला शिका. सगळं एकाच गतीने वाचायचा हट्ट धरला की माणूस कंटाळतो. वर्तमानपत्र चाळा: मथळा, पहिला परिच्छेद, पुढे जा. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तिथे हवी ती नोंद काढून तेवढीच वाचा. कथेत अनोळखी शब्द आला तर पेन्सिलीने खूण करून पुढे चला. पान संपल्यावर त्यातले दोन-तीनच शब्दकोशात बघा, बाकीच्यांचा अर्थ पुढच्या पानांवर आपोआप लागतो. कविता मात्र मोठ्यानेच वाचावी, कितीही सराव झाला तरी.

आणि सातबारा, भाडेकरार, सोसायटीची नोटीस? इथे चाळणं महागात पडतं. आधी तारखा आणि रकमा शोधा, त्यांच्याखाली रेघ ओढा. मग ‘अन्यथा’, ‘वगळून’, ‘अधीन राहून’ असे शब्द हेरा, कारण वाक्याची दिशा तेच फिरवतात. शेवटी एकेक वाक्य वाचून ते आपल्या बोलीत दुसऱ्याला सांगा. सांगता आलं नाही, तर तेच वाक्य पुन्हा वाचायचं.

मोबाइलवर ‘kasa ahes’ थाटात रोमन लिपीत लिहायची सवय असेल, तर आजपासून एका तरी माणसाला देवनागरीत लिहा. भाचीने आजीला निवडलं. आजी उत्तरं मोठ्या अक्षरांत, कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते. छापील अक्षर जमल्यावर हाताचं अक्षर लावायला शिकणं ही पुढची पायरी, ती आता तिथे चालू आहे.