घर गरम करणारा लाकडाचा बॉयलर उकळून गेल्यावर, पुन्हा पेटवण्याआधी

आधी हवेची झडप बंद, रेडिएटर सगळे उघडे. आगीवर पाणी ओतू नका. बॉयलर हाताला गार लागेपर्यंत आतही गार पाणी भरू नका, बिडाचा असेल तर तडकतो. रात्र जाऊ द्या. विमा असेल तर पुसापुशीच्या आधी फोटो.

सकाळी टॉर्च घेऊन भट्टीच्या आत बघा. राख ओली असेल किंवा सांध्यांवर गंजाचे ओघळ दिसले तर पेटवायचा विचार सोडा, बॉयलरवाल्याला बोलवा.

आता एक्स्पान्शन टाकी: आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. मागच्या वेळी मी हीच सोडली. म्हणजे अगदीच सोडली नाही: टायरचा गेज लावला, दीड बार दाखवला, खूश झालो. गाढवपणा. सिस्टिममध्ये पाणी दाबाखाली असताना तो गेज पाण्याचाच दाब सांगतो, टाकीतल्या हवेचा नाही. आधी पाण्याच्या बाजूचा दाब शून्यावर आणा, मग मोजा. आणि नोजलची पिन दाबून पाहा: हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, टाकी गेली. पाणी तापून फुगतं, त्याला जागा हीच टाकी देते. माझ्याकडे ती जागाच उरली नव्हती. दुसऱ्यांदा पेटवलं, दाबाचा काटा बघता बघता तीन बारवर, आणि जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हनं पुन्हा सगळी खोली भिजवली.

सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उडाला की सरळ नवा बसवा. त्याच्या बसकीत, म्हणजे झाकण टेकतं तिथे, कचरा अडकतो आणि मग तो थेंब थेंब गळतच राहतो. बॉयलरजवळचे प्लास्टिकचे पाइप वाकलेत का, सांधे सैल झालेत का, हात फिरवून बघा. पंप बहुतेक ११० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. खरखर करत असेल तर बदला. वायरी, सेन्सर बघा. भट्टीच्या दाराची फट बुजवणारी दोरी जळून कडक झाली असेल तर नवी घाला. धूर नि कार्बन मोनॉक्साइड घरात यायला तेवढी फट पुरते.

बॉयलर कशामुळे तापला, हेही शोधा. वीज जाऊन पंप थांबला असेल तर पंपाला इन्व्हर्टर जोडा, नाहीतर पुढच्या वेळी हेच. ९५ अंशांच्या आसपास उघडून गार पाणी खेळवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो चालतो का बघा. नसेल तर बसवून घ्या.

मग टाकी. हो, पुन्हा टाकी. तिच्यातल्या हवेचा दाब, सिस्टिममध्ये पाणी भरण्याच्या दाबापेक्षा किंचित कमी.

पाणी भरा, हवा काढा, दोन-चार लाकडांचीच आग, ६० अंशांपर्यंत. नजर दाबाच्या काट्यावर. चढतच राहिला तर टाकी बघितलेली नाही तुम्ही.